हुकूमनाम्याचे पैसे भरले, तरी सिबिलमध्ये ‘सूट फाइल्ड’ का दिसतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही. प्रश्न विचारणाऱ्याने २०१७ ला ३ लाखांचं पर्सनल लोन घेतलं, वडील जामीनदार. धंदा बसला, हप्ते थांबले, २०१९ च्या डिसेंबरात बँकेने तालुक्याच्या दिवाणी कोर्टात २ लाख ८६ हजार ४०० चा दावा टाकला. मार्च २०२२ ला हुकूमनामा (इतके पैसे द्या असा कोर्टाचा निकाल) झाला, दाव्याच्या तारखेपासून ६ टक्के व्याज आणि खर्च. बँकेने दरखास्त (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात केलेला अर्ज) लावली, वडिलांच्या सातबाऱ्यावर जप्तीची नोंद आली. मग जून २०२४ मध्ये याने कोर्टाच्या हिशोबाप्रमाणे सगळे पैसे थेट शाखेत भरले, पावती आहे. आता होम लोनला गेला तर सिबिलच्या (कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या कंपनीच्या) रिपोर्टमध्ये ‘सूट फाइल्ड’ (दावा दाखल) आणि ‘पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड’, वडिलांच्या रिपोर्टमध्येही तेच, अर्ज रिजेक्ट. त्याने विचारलंय की कोर्ट सिबिलला पत्र देईल का, आणि नेटवर वाचलं त्याप्रमाणे पेड जजमेंट, म्हणजे पैसे भरून झालेला निकाल, सात वर्षांनी आपोआप निघून जातं का.

मी वीसेक वर्षं वसुलीचेच दावे चालवतोय, पहिली बारा वर्षं बँकांच्या बाजूने आणि नंतर कर्जदारांच्या बाजूने, त्यामुळे दोन्हीकडच्या खोड्या माहीत आहेत.

पहिल्यांदा ते नेटवरचं डोक्यातून काढा. ते अमेरिकेचं आहे आणि तिथेही आता जुनं झालंय. तिकडे पूर्वी कोर्टाचे निकाल थेट क्रेडिट रिपोर्टमध्ये यायचे, कंपन्या कोर्टातून रेकॉर्ड गोळा करायच्या, आणि एकाच्या नावाचा निकाल दुसऱ्याच्या रिपोर्टला चिकटायचे प्रकार व्हायचे, म्हणून जुलै २०१७ पासून तिथल्या तिन्ही मोठ्या ब्युरोंनी (म्हणजे सिबिलसारख्या कंपन्यांनी) दिवाणी निकाल जवळजवळ सगळे काढून टाकले. इंग्लंडमध्ये वेगळंच, तिथे निकालांचं एक सार्वजनिक रजिस्टरच आहे, महिन्याच्या आत पैसे भरले तर नाव निघतं, उशिरा भरले तर ‘सॅटिस्फाइड’ असा शेरा मारून सहा वर्षं तसंच राहतं. आपल्याकडे यातलं काहीच नाही.

आपल्याकडे कोर्ट सिबिलला काहीही कळवत नाही. दावा लागला तेव्हा नाही, निकाल लागला तेव्हा नाही, पैसे भरले तेव्हा तर नाहीच. २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपन्यांच्या कायद्याखाली माहिती देतात त्या बँका, फायनान्स कंपन्या, सहकारी बँका वगैरे. तुमच्या रिपोर्टमधलं ‘सूट फाइल्ड’ कोर्टातून आलेलं नाही, बँकेच्या कुठल्यातरी ऑफिसात बसलेल्या माणसाने डेटाच्या फाइलमध्ये एका रकान्यात भरलेलं आहे, आणि तोच माणूस किंवा त्याच्या खुर्चीवर आलेला दुसरा ते बदलेपर्यंत ते तसंच पुढे पुढे जात राहतं. याचाच दुसरा अर्थ असा की तुम्ही मित्राकडून हातउसने घेतले, त्याने दावा जिंकला, तर तो हुकूमनामा सिबिलमध्ये दिसणार नाही, घरमालकाच्या भाड्याचाही नाही, चेक बाउन्सची १३८ ची केसही आपणहून येत नाही. पतसंस्थेचा १०१ चा दाखलाही (सहकार कायद्याखालचा वसुलीचा दाखला) सहसा तिथे दिसत नाही, सहकारी बँकेचं मात्र येतं. (ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टांच्या सरकारी वेबसाइटवर, मात्र केस दिसते, आणि हल्ली कर्ज देणारे तिथे नाव टाकून बघतात, त्यावर शेवटी बोलतो.)

म्हणजे तुमच्या एकाच कर्जाच्या दोन वह्या आहेत. एक कोर्टाची, एक बँकेची. बँकेच्या वहीची झेरॉक्स सिबिलकडे जाते. या दोन वह्यांच्या मध्ये ये-जा करणारं कुणी नाही, आणि तुमच्या केसमध्ये माझ्या अंदाजाने दोन्ही वह्या अर्धवट आहेत.

कोर्टाची वही आधी घेऊ, कारण लोक तिथेच मार खातात. तुम्ही पैसे शाखेत भरले, पावती घेतली, घरी गेलात. कोर्टाला कुणी सांगितलं? दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २१ रूल २ आहे, त्यात सरळ लिहिलंय की कोर्टाबाहेर पैसे दिले तर हुकूमनामाधारकाने, म्हणजे इथे बँकेने, ते कोर्टाला कळवायचं, आणि तिने नाही कळवलं तर तुम्ही अर्ज करून नोंद करून घ्यायची. तशी नोंद झाली नाही तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते पैसे दिले असं मानतच नाही. पुन्हा वाचा, मानतच नाही. आणि तुमच्या अर्जाला मुदत आहे पैसे दिल्यापासून ३० दिवसांची, उलट बँकेला हुकूमनामा वसूल करायला १२ वर्षं.

एक प्रसंग सांगतो. आमच्या तालुक्यातला एक गॅरेजवाला, टेम्पोचं कर्ज, हुकूमनामा झाला, त्याने मॅनेजरसाहेबांच्या शब्दावर पूर्ण रक्कम भरली, साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले आता विषय संपला. साहेब बदलून गेले. पाच वर्षांनी बँकेच्या नव्या वसुली विभागाने जुन्या फाइली काढल्या, कोर्टाच्या रेकॉर्डला हुकूमनामा उभाच, दरखास्त लावली आणि एका सकाळी बेलिफ गॅरेजच्या दारात, आत गिऱ्हाइकाची गाडी जॅकवर चढवलेली. पावती होती पण थर्मल कागदाची, पार पांढरी झालेली. शेवटी खाते उतारा मागवून, बँकेच्या वकिलाला विनवून निस्तरलं, पण आठ महिने गेले आणि त्याला माझी फी पडली ती वेगळीच.

तुमच्या ३० दिवसांची मुदत गेलेली आहे. घाबरू नका, ती मुदत तुमच्या अर्जाला आहे, बँकेने स्वतःहून कोर्टाला कळवायला तशी मुदत आड येत नाही. म्हणून आता काम एकच, बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाकडून दरखास्तीत पुरसिस दाखल करून घेणं. पुरसिस म्हणजे फार मोठं काही नसतं, अर्ध्या पानाचा कागद. ‘दरखास्तदार बँकेस हुकूमनाम्याची संपूर्ण रक्कम व्याज व खर्चासह मिळाली असून हुकूमनाम्याची पूर्ण फेड झाली आहे, दरखास्त पूर्ण वसुलीने निकाली काढावी’ एवढंच, खाली बँकेच्या अधिकाऱ्याची आणि वकिलाची सही. यात ‘संपूर्ण’ आणि ‘पूर्ण फेड’ हे शब्द बघून घ्या. काही वकील घाईत ‘तडजोडीने’ लिहितात, किंवा ‘दरखास्त चालवायची नाही’ एवढंच लिहून मोकळे होतात. दरखास्त चालवायची नाही आणि पैसे मिळाले यात जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात हुकूमनामा जिवंत राहतो.

पुरसिस दिली की कोर्ट निशाणी १ खाली, म्हणजे मूळ दरखास्तीवरच, ऑर्डर करतं, ती रोजनाम्यातही (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) येते. या दोन्हींची नक्कल काढायची.

ज्यांचे पैसे अजून भरायचे आहेत त्यांना एक सांगून ठेवतो, कोर्टात भरायचा मार्गही आहे, नाझरकडे (कोर्टात पैसे जमा करून घेणारा अधिकारी) जमा करता येतात, वाद होणार असं वाटत असेल तर तो मार्ग चांगला. पण दोन गोष्टी. कोर्टात नुसते जमा करून व्याज थांबत नाही, बँकेला नोटीस द्यावी लागते आणि ती पोचल्या तारखेपासून थांबतं. आणि दुसरं, कोर्टातले पैसे बँक अर्ज करून उचलेपर्यंत तिच्या वहीत जमा होत नाहीत, तोवर तुमचं खाते सिबिलला थकीतच कळवलं जातं. कोर्टाच्या मते तुम्ही मोकळे, सिबिलच्या मते डिफॉल्टर, असे चारसहा महिने काढलेले लोक मी पाहिलेत.

सातबाऱ्याचं यातच येतं. हुकूमनाम्याची फेड कोर्टात नोंदली गेली की ऑर्डर २१ रूल ५५ प्रमाणे जप्ती उठली असं धरलं जातं. पण ‘नोंदली गेली की’, नुसती झाली की नाही! त्यामुळे तुमच्या वडिलांच्या इतर हक्कातली ती ओळ अजून कायद्याने बरोबरच आहे, तलाठ्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पुरसिसवर ऑर्डर झाली की त्याच वेळी जप्ती उठवल्याचं पत्र महसूल खात्याला द्यावं असा वेगळा अर्ज द्या, पत्र हातात घ्या, तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोण म्हणतंय) द्या, फेरफार पडेल, मंडळ अधिकारी मंजूर करेल, मग नोंद जाईल. पत्र कोर्टातून टपालाने जाईल म्हणून वाट बघत बसू नका.

आता बँकेची वही, म्हणजे सिबिल.

तुमच्या रिपोर्टमध्ये या खात्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. एक ‘सूट फाइल्ड’चा रकाना, दावा चालू आहे का ते सांगणारा. दुसरा राइट-ऑफ आणि सेटलमेंटचा रकाना, त्यात ‘रिटन ऑफ’, ‘सेटल्ड’, ‘पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड’ असं काहीबाही असतं. तिसरं म्हणजे महिन्यामहिन्याची थकबाकीची पट्टी, शेवटच्या ३६ महिन्यांची, त्यात किती दिवस थकले ते आकड्यात किंवा ‘सब’, ‘डाउटफुल’, ‘लॉस’ अशा अक्षरात.

तिसरी गोष्ट खरी आहे, ती कुणी पुसणार नाही, आणि पुसून देतो म्हणून पैसे मागणारे एजंट फिरतात त्यांना दारात उभं करू नका. तुम्ही थकवलं होतं ते थकवलं होतं. ती माहिती ब्युरोने किमान ७ वर्षं ठेवायची असा नियम आहे, बहुतेक तुम्ही वाचलेलं ‘सात वर्षं’ यातून आणि अमेरिकेच्या नियमातून मिसळून आलंय.

पहिली गोष्ट, ‘सूट फाइल्ड’, निघायलाच पाहिजे, दावा आणि दरखास्त दोन्ही संपल्यावर ती चूक माहिती आहे. पण दरखास्त कागदावर अजून उभी असेल तर बँक म्हणेल की सूट आहेच की, आणि तिचं बरोबर असेल. म्हणून मी कोर्टाची वही आधी सांगितली.

भांडण आहे ते दुसऱ्या गोष्टीवर. आकडे बघू. २ लाख ८६ हजार ४०० वर ६ टक्क्यांनी साडेचार वर्षांचं व्याज ७७ हजार ३२८, म्हणजे ३ लाख ६३ हजार ७२८, वर कोर्टाचा खर्च, तुम्ही भरलेत साधारण ३ लाख ८२ हजार. कोर्टाच्या दृष्टीने रुपयाही बाकी नाही. पण बँकेच्या वहीत ते कर्ज करारातल्या १६ टक्क्यांनीच पळत असतं, दरमहा चक्रवाढ, तिथे तुमच्या नावावर ५ लाख ८० हजारांच्या आसपास दिसत असणार. मग कॉम्प्युटरला काय वाटतं, ५ लाख ८० मागत होतो, ३ लाख ८२ मिळाले, बाकी सोडून दिले, म्हणजे सेटलमेंट! आणि लागतो ‘सेटल्ड’चा शिक्का. आणि पैसे यायच्या आधी बँकेने ते खाते स्वतःच्या ताळेबंदासाठी राइट-ऑफ केलेलं असतं म्हणून पुढे ‘पोस्ट राइट-ऑफ’. (राइट-ऑफ म्हणजे कर्जमाफी नव्हे, हा अजून एक गैरसमज. बँक तिच्या पुस्तकातून काढते, तुमच्या डोक्यावरून नाही.)

माझं मत स्पष्ट आहे, हा शिक्का चुकीचा आहे. हुकूमनामा झाल्यावर मूळ करारातलं देणं त्या हुकूमनाम्यात विरघळतं, त्यानंतर बँकेला तुमच्याकडून वसूल करता येते ती हुकूमनाम्याची रक्कम, त्यापेक्षा एक पैसा जास्त नाही. पर्सनल लोन म्हणजे धंद्याचं कर्ज नव्हे, त्यामुळे निकालानंतरचं व्याज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ प्रमाणे ६ टक्क्यांच्या वर जातच नाही. जे मागायचा हक्कच नव्हता ते ‘सोडून दिलं’ कसं म्हणता येईल? बँकेने सवलत दिली नाही, कोर्टाने हिशोब ठरवला आणि तुम्ही तो पूर्ण भरला, तेव्हा खाते ‘क्लोज्ड’ आणि बाकी शून्य असंच कळवायला हवं. बँकेची माणसं हे पहिल्या पत्राला मान्य करत नाहीत, बऱ्याचदा त्यांना फरकच माहीत नसतो, पण हुकूमनामा, हिशोबाचा तक्ता आणि ‘पूर्ण फेड’ लिहिलेली ऑर्डर एकत्र लावली की नोडल ऑफिसरच्या (बँकेचा तक्रारी बघणारा वरचा अधिकारी) पातळीला बरेचदा सुटतं.

ज्यांनी खरोखर तडजोड केली, लोकअदालतीत ४ लाखांचे अडीच लाख केले, त्यांना हा मुद्दा लागू नाही, त्यांचं ‘सेटल्ड’ बरोबर आहे. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, कोर्ट फी परत मिळते, सगळं छान, पण त्याने शिक्का पुसत नाही. शिवाय २०२३ च्या जूनपासून रिझर्व्ह बँकेने सांगितलंय की तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेने शेतीकर्ज सोडून दुसरं नवीन कर्ज किमान १२ महिने द्यायचं नाही. फार तर सोडलेली रक्कम नंतर भरून ‘क्लोज्ड’ करून घ्यायची विनंती करता येते, काही बँका ऐकतात.

इथे माझीच एक चूक कबूल करतो. कर्जदारांच्या बाजूने काम सुरू केलं तेव्हा एका तडजोडीच्या पुरसिसमध्ये मी हप्ते, तारखा, जप्ती सगळं लिहिलं आणि सिबिलबद्दल एक ओळ लिहायला विसरलो. माणसाने घर विकून पैसे भरले आणि दोन वर्षं माझ्याकडे रिपोर्ट घेऊन येत राहिला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मसुद्यात एक कलम असतं, ‘रक्कम मिळाल्यापासून ३० दिवसांत वादी बँक प्रतिवादी क्र. १ व जामीनदार प्रतिवादी क्र. २ यांच्या खात्याची अद्ययावत माहिती सर्व क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवील व दावा दाखल असल्याची नोंद कमी करील.’ जामीनदाराचं नाव त्यात मुद्दाम. बँक कर्जदाराचं दुरुस्त करते आणि जामीनदाराचं तसंच ठेवते असं सर्रास होतं, तुमच्या वडिलांचा रिपोर्ट म्हणून वेगळा काढा.

आता पुढचं कसं करायचं. आधी चारही ब्युरोंचे रिपोर्ट काढा, सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, वर्षाला प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, कुणाला पैसे देऊ नका. मग बँकेला लेखी तक्रार, शाखेला नको, शाखेत ती ड्रॉवरमध्ये राहते, तक्रार निवारणाच्या ईमेलवर पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. त्याच दिवशी ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट टाका. ब्युरो स्वतःच्या मनाने काहीही बदलत नाही, ते बँकेलाच विचारणार, पण दोन्हीकडून गेलं की घड्याळ सुरू होतं. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शंभर रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही, पण पत्रात हा नियम नुसता लिहिला तरी उत्तराचा वेग बदलतो हा माझा अनुभव. तरी नाही झालं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, ऑनलाइन, वकील लागत नाही, फी नाही. जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात होईल’ हे उत्तर आता चालत नाही.

ज्यांचं कर्ज मधे एखाद्या एआरसीला (बुडीत कर्जं विकत घेणारी कंपनी) विकलं गेलंय त्यांनी बघायचं की रिपोर्टमध्ये एकाच कर्जाच्या दोन ओळी आहेत, जुन्या बँकेची आणि एआरसीची, आणि दोन्ही दुरुस्त करायच्या. आणि घर-जमीन गहाण असेल तर पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. तुमचं तसं नाही, पुढे जातो.

ई-कोर्ट्सचं राहिलं. तिथे तुमचा दावा आणि दरखास्त दोन्ही नावानिशी दिसत राहणार, पैसे भरले म्हणून कुणी काढत नाही, काढा म्हणून अर्ज करण्यात वेळ घालवू नका. कोर्टाच्या ऑर्डरची नक्कल होम लोनच्या फाइलला आपणहून लावा, बँकेने शोधून काढण्याआधी. वर एक साधं पत्र, काय झालं, कधी भरलं, मागे नक्कल. कर्ज मंजूर करणाऱ्याला ‘डिस्पोज्ड’ एवढंच दिसतं, निकाली कशी निघाली ते ऑर्डर वाचल्याशिवाय कळत नाही, ‘पूर्ण वसुलीने’ ही ओळ हायलाइटरने पिवळी करा. मी करतो.

सोमवारी कोर्टात जाल तेव्हा दरखास्तीचा नंबर किंवा सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवरचा केसचा क्रमांक) लिहून न्या, नुसतं नाव सांगितलं तर क्लार्क हाकलेल. पुरसिसवर ऑर्डर झाली की नकलेचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि तीन प्रती मागा, एक बँकेला, एक तलाठ्याला, आणि एक तुमच्याकडे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, शाखेच्या त्या पावतीच्या झेरॉक्ससकट, पावती थर्मलची असेल तर झेरॉक्स आजच काढा.